एका एकरासाठी दहा मैल



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते शिक्षक होते, आणि त्यांच्या वर्गात बसणारी बहुतेक मुलं शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची होती. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून शेतीबद्दल बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. विषय मी लांबचा निवडला आहे. इंग्लंडमधली घोड्यांची शेती, आणि त्या घोड्यांमागून आयुष्यभर चालत राहिलेली माणसं, यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

इंग्लंड म्हटलं की आपल्याला पार्लमेंट आठवतं, कापडाच्या गिरण्या आठवतात, आगगाडी आठवते. १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी धावू लागली. त्यानंतर शंभर वर्षं उलटून गेली तरी त्या देशातली बहुतेक जमीन घोडेच नांगरत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या शेतांवर दहा लाखांच्या आसपास घोडे होते. ज्या देशानं जगाला वाफेचं इंजिन दिलं, त्याची भाकरी घोड्याच्या खांद्यावरून येत होती.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या शेतावर दिवस कधी सुरू व्हायचा, एका दिवसाचं काम किती मानायचं, चाकाला कोणता आकार द्यायचा, गड्यांमध्ये मान कुणाचा पहिला, हे सगळं घोड्याच्या शरीरावरून ठरलेलं होतं. ते शरीर ओळखणारं ज्ञान होतं ज्यांच्याकडे जमीन नव्हती, पगार तुटपुंजा होता आणि शाळा फार लवकर सुटली होती अशा माणसांकडे. त्याला विद्या म्हणून कुणी मोजलं नाही. घोडे गेले तेव्हा तेही जवळजवळ गेलं. जे वाचलं ते कुणीतरी त्या माणसांच्या घरी जाऊन विचारलं म्हणून वाचलं.

आपण इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात जाऊ. समुद्राकडे तिथली जमीन हलकी, रेताड आहे. आतल्या भागात मात्र चिकणमातीची भारी जमीन लागते. पावसाळी दिवसांत ती पायाला धरून ठेवते, आणि उन्हात वाळली की दगडासारखी होते. या मातीनं आपल्याला हवा तसा घोडा घडवून घेतला. त्याचं नाव सफोक पंच. रंग नेहमी तांबूस-बदामी, छाती रुंद, पाय आखूड आणि मजबूत. पायावर केसांचा झुपका नाही, त्यामुळे चिकणमाती अडकून बसत नाही. आज जगात जेवढे सफोक पंच आहेत त्या सगळ्यांची नरवंशावळ अफर्ड गावच्या क्रिस्प नावाच्या शेतकऱ्याच्या एकाच घोड्यापर्यंत जाते. तो घोडा १७६८ साली जन्मला. या जातीची संस्था १८७७ मध्ये निघाली आणि हर्मन बिडल या गृहस्थांनी पिढ्यांमागून पिढ्या शोधून तिची वंशावळीची पोथी तयार केली. शेतकरी या घोड्याबद्दल अभिमानानं सांगत की ओझं हललं नाही तरी हा गुडघे टेकून ओढत राहील, पण हार मानणार नाही.

इंग्लंडच्या मध्य भागात आणि पूर्वेकडच्या दलदलीच्या, उपसून कोरड्या केलेल्या सपाट प्रदेशात शायर घोडा होता. तो उंच, पायांवर पांढऱ्या केसांची झालर असलेला, आणि मोठा नर असेल तर वजनानं टनभर भरणारा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं फ्रान्समध्ये पर्शरॉन घोड्याचं काम पाहिलं आणि युद्धानंतर तोही इंग्लंडच्या शेतांवर आला. प्रत्येक घोड्यामागे एक जमीन होती आणि ती जमीन ओळखून जोड्या लावणारी माणसं होती.

आता त्या माणसांचा दिवस पाहू. सफोकमध्ये घोड्यांवरचा गडी पहाटे चारच्या सुमारास तबेल्यात असे. नांगर शेतात लागायचा साडेसहाला. मग चारला उठायचं कशासाठी? कारण घोड्याच्या पोटात आहे. बैल भरभर चारा पोटात घालतो आणि सावकाश रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. एवढ्या मोठ्या देहाच्या मानानं त्याचं जठर लहान, आणि गिळलेलं त्याला उलटूनही टाकता येत नाही. एकदम चंदी पुढ्यात टाकली तर पोटात कळ उठते, आणि त्या कळेनं धट्टाकट्टा घोडाही काही तासांत मरू शकतो. म्हणून गडी दोन तास तिथंच थांबायचा. कुट्टी आणि ओट थोडे थोडे घालायचे, संपले की पुन्हा थोडे. मधल्या वेळात खरारा करायचा, पाय उचलून खूर पाहायचे, खांद्यावर कुठं साज घासलाय का ते बोटांनी चाचपायचं. कंदिलाच्या उजेडातले हे दोन तास म्हणजे त्या दिवसाच्या कामाचा पाया होता. रविवार असो की नाताळ, त्यात खंड नव्हता. घोड्याला सुट्टी कळत नाही, भूक कळते.

मग तबेल्याचं दार उघडायचं, आणि इथं एक शिस्त दिसायची. पहिला मान मुख्य गड्याचा. त्याची जोडी आधी बाहेर पडायची, त्याच्यामागे दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. शेतात पहिलं तास मुख्य गडी घालायचा आणि संध्याकाळी परततानाही तोच पुढे. त्याला डावलून कुणी घोडा बाहेर काढत नसे. मालकानं हा क्रम कागदावर लिहून दिलेला नव्हता. तो गड्यांनी आपापसांत पाळलेला होता आणि त्यामागे कसबाची कबुली होती.

दोन घोड्यांचा नांगर दिवसाला एक एकर नांगरतो, हे तिथलं चांगल्या कामाचं माप होतं. हा एकर आपल्या ओळखीचा आहे. सातबाऱ्यावर हेक्टर आले तरी आपल्याकडे जमिनीचा व्यवहार अजून एकर आणि गुंठ्यांतच बोलला जातो. इंग्रजी एकर म्हणजे बावीस यार्ड रुंद आणि दोनशेवीस यार्ड लांब अशी पट्टी. दोनशेवीस यार्ड म्हणजे एक फर्लांग, आणि बावीस यार्ड म्हणजे क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधलं अंतर. आता गणित करून पाहा. तासाची रुंदी दहा इंच धरली तर एक एकर नांगरायला माणसाला जवळजवळ दहा मैल चालावं लागतं, म्हणजे सोळा किलोमीटर. तेही सपाट रस्त्यावर नव्हे. एक घोडा तासात चालतोय, दुसरा न नांगरलेल्या जमिनीवर, आणि मागे गडी दोन मुठींवर नांगराचा तोल धरून ओल्या ढेकळांतून चालतोय. नांगरणीच्या दिवसांत हे रोज होतं. आपल्या हातात एकराची जी कल्पना आली, तिच्या आत एवढी चाल आहे.

सफोकच्या भारी जमिनीत पावसाचं पाणी साचतं, म्हणून तिथं अरुंद पट्ट्या पाडून नांगरत आणि दोन पट्ट्यांमधल्या सऱ्यांतून पाण्याला वाट करून देत. पट्टीची रुंदी मनाला येईल तशी नसे. बी पेरायची पाभर जेवढी रुंद, तेवढीच किंवा तिच्या हिशेबात बसेल एवढी पट्टी पाडायची. मग पेरताना घोडे सऱ्यांतून चालतात आणि भुसभुशीत केलेल्या वाफ्यावर एकही खूर पडत नाही. म्हणजे शरद ऋतूत नांगर धरणाऱ्याला पेरणीचा विचार आधीच करून ठेवावा लागे. त्याचं तास वाकडं गेलं तर पुढच्या प्रत्येक कामात ते वाकडेपण उतरणार, आणि पीक उगवून वर आलं की अख्ख्या गावाला दिसणार. रविवारी गडी आपल्या शेजारच्या शेतांवरून फिरत आणि इतरांनी घातलेली तासं पारखत. सरळ तास ही त्यांची सही होती.

सफोकमध्ये दुपारी अडीच-तीनला जोड्या परतत, कारण तिथं एकाच दमात दिवसाचं औत उरकायची पद्धत होती. इतर काही परगण्यांत दुपारची सुट्टी घेऊन पुन्हा जुंपत. घोडे परतले म्हणजे गड्याचा दिवस संपला असं नाही. जेवून तो पुन्हा तबेल्यात. घाम पुसायचा, चिखल सुकला की झाडायचा, खाली कोरडं गवत अंथरायचं, रात्रीची वैरण टाकायची. संध्याकाळ व्हायची.

या शेताला गावातल्या कारागिरांचा आधार होता, आणि त्यांच्या कामातही घोड्याचं शरीर कसं उतरलं होतं हे पाहण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बैलाला वशिंड असतं, त्याच्यापुढे जू टेकतं आणि तो मानेनं रेटतो. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या मानेत पट्टा अडकवून ओझं लावलं तर श्वासनलिका दाबली जाते आणि जेवढं जोरानं ओढेल तेवढा त्याचा दम कोंडतो. मध्ययुगात युरोपात गादी भरलेलं गळ्यातलं कडं रुळलं, तेव्हा ओझं गळ्यावरून उतरून खांद्यावर आलं आणि घोडा पूर्ण ताकदीनं नांगराला लागू शकला. हे कडं ज्याच्या त्याच्या मापाचं लागतं. एका घोड्याचं दुसऱ्याला घातलं तर खांदा सोलला जातो. म्हणून साज शिवणारा कारागीर घोडा पाहून, हातानं चाचपून गादी भरायचा. जॉन कॉन्स्टेबलनं १८२१ साली रंगवलेलं ‘द हे वेन’ हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. स्टूर नदीच्या उथळ पाण्यात गाडी उभी आहे आणि काळ्या घोड्यांच्या साजाचा लाल रंग डोळ्यांत भरतो. कॉन्स्टेबल गिरणीमालकाचा मुलगा. हे घोडे, ही नदी त्याच्या घराजवळची होती.

गाडीच्या चाकाची गोष्ट तर फार शिकवणारी आहे. सरे परगण्यातल्या फार्नहॅम गावी जॉर्ज स्टर्ट नावाचा माणूस राहत होता. १८८४ मध्ये वडील गेले आणि त्यांचं गाड्या-चाकं बनवण्याचं दुकान त्याच्याकडे आलं. त्यानं आपला अनुभव १९२३ मध्ये ‘द व्हीलराइट्स शॉप’ या पुस्तकात लिहिला. चाकाचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे, कडेचे वाकडे तुकडे अ‍ॅशचे. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले, म्हणून आऱ्यांसाठी भोकं पाडली तरी तो फुटत नाही. ओक ताठ, म्हणून तो भार पेलतो. अ‍ॅश लवचिक, म्हणून तो धक्का सोसतो. हे चाक सपाट नसे, थाळीसारखं किंचित खोलगट असे. असं का, हा प्रश्न स्टर्टला पडला आणि उत्तर त्याला घोड्याच्या चालीत सापडलं. घोडा चालताना एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुलतो, आणि प्रत्येक पावलाला गाडीचा भार आडवा आदळतो. सपाट चाक हे आडवे धक्के खाऊन काही दिवसांत मोडलं असतं. खोलगटपणामुळे ते टिकतं. शेकडो वर्षं सुतार तसं चाक बनवत आले. कुणी सूत्र मांडलं नाही, पण हाताला उत्तर ठाऊक होतं. वरची लोखंडी धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, हे आपल्याकडच्या लोहार-सुतारांनाही चांगलं माहीत आहे.

आता घोड्यांवरच्या गड्यांच्या गुप्त विद्येकडे वळू. पूर्व इंग्लंडमध्ये काही गड्यांची ख्याती होती की ते घोड्याला जागच्या जागी खिळवून ठेवू शकतात. दुसऱ्या कुणाला तो हलवता यायचा नाही. बिथरलेला घोडा त्यांच्यामागे शांतपणे चालत यायचा. यामागे बेडकाच्या हाडाचा तोडगा आहे, असं सांगितलं जाई. रात्री वाहत्या ओढ्यात ते हाड सोडायचं, जे प्रवाहाविरुद्ध जाईल ते उचलायचं, वाळवून जवळ ठेवायचं. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात तर घोडेवाल्यांचं एक गुप्त मंडळच होतं. रात्रीच्या वेळी शपथ घेऊन नव्या पोराला त्यात सामील करून घेत आणि त्याला एक गुप्त शब्द देत.

ही नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून दिली तर आपण मोठ्या गोष्टीला मुकू. घोड्याचं नाक फार तीक्ष्ण असतं. काही वास त्याला ओढून घेतात, काही वासांपुढे तो पाऊल टाकत नाही. या गड्यांना दोन्ही प्रकारची तेलं आणि वनस्पती ठाऊक होत्या. तबेल्याच्या चौकटीला नको तो वास लावला की घोडा उंबरा ओलांडत नसे, आणि वास घालवायची युक्ती गड्यालाच माहीत असे. कातडी चमकावी, भूक लागावी म्हणून काय खायला घालायचं याच्या कृती बापाकडून मुलाकडे जात, काही वह्यांत लिहून ठेवलेल्या असत. हाडाच्या गोष्टीखाली प्राण्याच्या स्वभावाचं बारीक निरीक्षण दडलेलं होतं. ते लपवून का ठेवलं, याचंही कारण समजून घ्यायला हवं. जमीन मालकाची, घोडा मालकाचा, नांगर मालकाचा, राहतं घरसुद्धा मालकाचं. गड्याच्या मालकीचं जे काही होतं ते त्याच्या डोक्यात होतं. ते उघड केलं असतं तर त्याची किंमत कोण देणार होतं?

म्हणूनच या जीवनाची फक्त सुंदर बाजू सांगून मी थांबू शकत नाही. त्या शेतांवर घोडा गड्यापेक्षा चांगलं खात होता, आणि हे गड्यांनाही कळत होतं. तरीही कोठारातून चार मुठी जास्तीचे ओट गुपचूप काढून आपल्या घोड्यांना घालणारे गडी होते. ते पकडले गेले तर नोकरी जाण्याची भीती होती. नोकरी गेली की घरही जायचं, कारण घर नोकरीला बांधलेलं. या घरांतल्या शेतमजुरांना कायद्याचं भक्कम संरक्षण मिळायला १९७६ साल उजाडावं लागलं.

ईस्ट यॉर्कशायरमध्ये वेगळी पद्धत होती. तिथं चौदा-पंधरा वर्षांची पोरं सालगडी म्हणून राहत. नोव्हेंबरमध्ये मार्टिनमसच्या सणाला गावच्या बाजारात पोरं उभी राहत, शेतकरी येऊन पारखून घेत, आणि सौदा ठरला की हातावर एक नाणं ठेवत. त्या नाण्यानं पुढचं वर्ष बांधलं जाई. पगार वर्षाच्या अखेरीस. राहणं, जेवण शेतावर. पोरांमध्येही पायऱ्या होत्या, सगळ्यात वरचा जोड्यांचा प्रमुख आणि सगळ्यात खाली नवं पोर. वर्षागणिक एकेक पायरी चढत ती घोडे शिकत.

जोसेफ आर्च हा याच जगातला माणूस. वॉरविकशायरमधल्या बार्फर्ड गावात १८२६ मध्ये त्याचा जन्म झाला. नवव्या वर्षी तो शेतात पाखरं राखायला लागला, मग औताचा पोऱ्या झाला. पुढे तो कुंपणं घालण्यात नावाजला आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार झाला. ७ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी वेल्सबर्न गावात एका चेस्टनटच्या झाडाखाली तो स्टुलावर उभा राहून बोलला. अंधारात, कंदिलांच्या उजेडात शेतमजूर मोठ्या संख्येनं जमले होते. त्यातून त्याच वर्षी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १८८४ च्या कायद्यानं गावातल्या मजुराला मत मिळालं आणि १८८५ मध्ये आर्च नॉरफोकमधून पार्लमेंटमध्ये निवडून गेला. त्याच नॉरफोकमध्ये १९२३ साली मजुरी कापण्याविरुद्ध शेतमजुरांचा मोठा संप झाला, आणि तो आठवड्याच्या पंचवीस शिलिंगांवर मिटला. दिवसाला दहा मैल चालणाऱ्या, पहाटे चारला उठणाऱ्या कुशल माणसाच्या जगातले हे पैसे आहेत.

घोड्यांच्याही वाट्याला दुःख होतं. साज आणि कासरे अडकू नयेत म्हणून आणि दिसायला रुबाबदार म्हणून त्यांच्या शेपटीचं हाड कापत. ही चाल १९४९ च्या कायद्यानं बंद झाली. त्याआधी १९१४ मध्ये युद्ध आलं. सरकारकडे घोड्यांची मोजदाद आधीच तयार होती. पहिल्या काही आठवड्यांतच एक लाखाहून अधिक घोडे लष्करानं शेतांवरून, गाड्यांवरून उचलले. गडी स्वतः सैन्यात गेले तेव्हा त्यांतले कितीतरी तिथंही घोड्यांवरच लागले.

१९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजं मोठ्या प्रमाणावर बुडवायला सुरुवात केली, तेव्हा सरकारनं हेन्री फोर्डकडून हजारो ट्रॅक्टर मागवले. तरी दोन युद्धांच्या मधल्या काळात शेतमाल स्वस्त होता, मजूर स्वस्त होता, आणि घोडा टिकून राहिला. दुसऱ्या महायुद्धानं चित्र बदललं. कुरणं मोडून पिकं घ्यायची होती, माणसं कमी होती, वेळ त्याहून कमी होता. १९४६ मध्ये हॅरी फर्ग्युसनचा लहानसा राखाडी ट्रॅक्टर कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागला. अवजार हायड्रॉलिक दाबानं उचलणारी त्याची रचना लहान शेतकऱ्यालाही परवडली, आणि दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. आपल्या गावांत दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनच्या नावात तोच फर्ग्युसन आहे. ट्रॅक्टर घेताना आपण आजही तो किती एच. पी. चा आहे हे विचारतो, आणि ते मापसुद्धा जेम्स वॉटनं गिरणीतल्या घोड्यांच्या कामावरून बसवलेलं आहे.

मग शेवट फार वेगानं आला. युद्धानंतरच्या काही वर्षांत लाखो घोडे खाटकाकडे गेले. त्यांतले बरेच काम करण्याच्या वयाचे, धडधाकट होते. १९६६ मध्ये सफोक पंचच्या वंशावळीत फक्त नऊ शिंगरांची नोंद झाली. दोनशे वर्षांत जपलेला वंश नऊ शिंगरांवर आला. तो वाचला तो मोजक्या हट्टी लोकांमुळे, आणि सफोकमधल्या होझली बे इथल्या बंदीगृहाच्या तबेल्यामुळे. तिथं शिक्षा भोगणारी मुलं या घोड्यांची निगा राखत होती. आज ही जात जगली आहे, पण अजूनही धोक्याच्या यादीत आहे.

घोडा गेल्यानं मजुराचं अंग मोडणारं काम कमी झालं, उत्पन्न वाढलं, लोकांना पोटभर अन्न मिळालं. हे नाकारणं त्या मजुरांच्या कष्टांचा अपमान ठरेल. ज्यांनी पहाटे चारला उठून आयुष्य काढलं, त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या मुलांना ट्रॅक्टरवर बसलेलं आनंदानं पाहिलं. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती मांडणाऱ्या माणसाचं आपल्या बाजूशी नातं आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे श्रॉपशायरच्या शेतकरी घरातले. ते १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी शेतीसंशोधनाची संस्था चालवली. इथल्या शेतकऱ्याकडून आपण शिकलो, हे ते मोकळेपणानं सांगत. काडीकचरा आणि शेणमूत्र यांच्यापासून खत करण्याची त्यांची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९४० च्या ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या पुस्तकात त्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. घोडा आणि बैल काम करतात आणि जमिनीला शेण-मूत्रही देतात. इंजिन काम करतं, पण जमिनीला काहीच परत देत नाही. घोड्याचं इंधन त्याच शेतात ओट आणि क्लोव्हर म्हणून उगवत होतं आणि खत होऊन त्याच शेतात जात होतं. ट्रॅक्टर आल्यावर इंधन बाहेरून आलं आणि खतही बाहेरून आलं. शेतकरी कष्टांतून थोडा सुटला आणि बाजारात जास्त अडकला. हा धडा इंग्लंडपुरता राहिलेला नाही.

आता ज्यांनी हे सगळं वाचवलं त्यांच्याकडे येतो. जॉर्ज एवर्ट एव्हन्स हे वेल्सच्या कोळसाखाणींच्या भागातले. १९४८ मध्ये ते सफोकमधल्या ब्लॅक्सहॉल या लहान गावी राहायला आले, कारण त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या. एव्हन्स लेखक होते आणि त्यांना ऐकायला कमी येऊ लागलं होतं. शेजारचे म्हातारे मेंढपाळ, घोड्यांवरचे गडी, घरकाम केलेल्या बायका यांच्याशी ते गप्पा मारू लागले. त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं जे सांगताहेत ते कुठल्याही इतिहासाच्या ग्रंथात नाही, आणि ही माणसं गेली की ते कायमचं जाईल. १९५६ मध्ये त्यांचं ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हे पुस्तक आलं, आणि १९६० मध्ये खास घोड्यांच्या शेतीवरचं ‘द हॉर्स इन द फरो’. मौखिक इतिहास म्हणून आज जी विद्याशाखा ओळखली जाते, तिच्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या मोठ्या कामांत ही पुस्तकं मोजली जातात. पुढे १९६९ मध्ये रोनाल्ड ब्लाइथ यांचं ‘एकनफील्ड’ आलं. सफोकच्या खेड्यातल्या माणसांनी आपल्या आयुष्याचा गोडवा आणि जाच दोन्ही त्यात सांगितले आहेत.

मला एव्हन्स यांच्यात सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं आसन. ते तपासनीस म्हणून खुर्चीवर बसले नाहीत, विद्यार्थी म्हणून समोर बसले. चार दिवसांच्या सर्वेक्षणात घोड्यावरच्या गड्यानं बेडकाच्या हाडाची गोष्ट कधीच सांगितली नसती. ती त्यानं सांगितली, कारण विचारणारा वर्षानुवर्षं शेजारी राहत होता आणि ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता.

श्रोतेहो, आपण आज नेमक्या त्याच वळणावर उभे आहोत. बैलांची जोडी पदरी असणारी घरं आपल्या गावांत दरवर्षी कमी होताहेत. पोळ्याच्या दिवशी गावात किती जोड्या निघतात, हे तुम्ही स्वतः पाहता. मी बैल परत आणा असं सांगायला उभा नाही. ज्याला परवडेल त्यानं ट्रॅक्टर वापरावा. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं औत हाकलं, तो अजून आपल्या घरात, आपल्या आळीत आहे. त्याला विचारा. खोंड पहिल्यांदा जुंपताना जुन्या बैलाच्या कोणत्या बाजूला जुंपायचा? खांदा सुजला तर काय लावायचं, आणि त्याची ओळख आधी कशी पटते? वापसा आला हे पायाला कसं कळतं? पाभरीचं अंतर कोणत्या जमिनीत किती ठेवायचं? बाईमाणसांनी गोठ्यात जे काम केलं, ज्याची नोंद कुठल्याच हजेरीत नाही, ते काय काय होतं? आज प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपून घेणारं यंत्र आहे. एव्हन्स यांना सुरुवातीला वही आणि पेन्सिलीवर भागवावं लागलं होतं.

माझी एक विनंती आहे. या भागातल्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी हे काम अभ्यासाचा भाग म्हणून हाती घ्यावं. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या एका जुन्या औतकऱ्याकडे, एका लोहाराकडे, एका सुताराकडे वर्षभर जावं, ऐकावं, लिहावं, आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तर त्या लिखाणावर त्याचं नाव ज्ञान देणाऱ्याचं म्हणून घालावं. सफोकच्या गड्यांचं ज्ञान त्यांच्या हयातीत कुणाच्या हिशेबात आलं नाही. आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं की नाही, हे अजून आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसं अजून बोलू शकतात.